प्रार्थनेच्या वेळी बाहेर बसणारं मूल

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘हात जोडा, डोळे मिटा.’ सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमधून मी तेहेतीस वर्षं नोकरी केली आणि रोज सकाळी ही आज्ञा दिली. निवृत्त झाल्यावर २००६ साली मुलीकडे लेस्टरला चार महिने राहायला गेलो. तिथे नातीच्या शाळेत सुगीचा सण होता, तिकडे त्याला ‘हार्वेस्ट फेस्टिव्हल’ म्हणतात. आजी-आजोबांनाही बोलावणं होतं. मोठ्या दालनात मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर टेबलावर घरोघरून आणलेले डबाबंद खाद्यपदार्थ रचलेले. ते पुढे गरजू म्हाताऱ्या माणसांना वाटायचे होते. एका मुलानं मेणबत्ती पेटवली आणि बाई इंग्रजीतून नेमकं तेच म्हणाल्या, जे मी आयुष्यभर म्हणत आलो होतो. पन्नास-साठ जोड हात एकदम जुळले. त्यांत पटेल होते, सिंग होते, आमची नातही होती. मला तर घरी आल्यासारखं वाटलं.

बाहेर पडताना ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक सात-आठ वर्षांची मुलगी चित्र रंगवत बसलेली दिसली. एकटीच होती. बरं नाहीये का तिला, असं मी विचारलं. शिक्षिका म्हणाल्या, ‘नाही, तिच्या आईवडिलांची चिठ्ठी आहे. ती उपासनेला बसत नाही.’ हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितलं की पुढे काही विचारायला जागाच उरली नाही. कायद्यानं दिलेली सवलत होती, शाळेनं ती बिनतक्रार पाळली होती. पण ती कोपऱ्यातली खुर्ची माझ्या डोक्यातून गेली नाही. ती तिथे कोणी ठेवली, याचा शोध घेता घेता मी दीडशे वर्षं मागे गेलो.

ब्रिटनमध्ये १८७० पर्यंत प्राथमिक शिक्षण हे सरकारचं काम मानलं जात नव्हतं. शाळा चर्चच्या. त्यांतही दोन तट होते. राजमान्य अँग्लिकन चर्चची ‘नॅशनल सोसायटी’ एकीकडे आणि त्या चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांचा पाठिंबा असलेली ‘ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी’ दुसरीकडे. बाप्टिस्ट, मेथडिस्ट वगैरे या चर्चबाहेरच्या पंथांना तिकडे ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ म्हणत. कारखानदारीच्या शहरांत लाखो मुलं शाळेविना होती. तेव्हा विल्यम फॉर्स्टर या मंत्र्यानं १८७० साली कायदा आणला: जिथे शाळा अपुऱ्या असतील तिथे निवडून आलेलं स्कूल बोर्ड नेमायचं आणि स्थानिक करातून शाळा चालवायची.

लगेच प्रश्न आला, करातून चालणाऱ्या शाळेत धर्म शिकवायचा का? आणि शिकवायचा तर कोणाचा? वाद हिंदू-मुसलमानांचा नव्हता, ख्रिश्चनांचा ख्रिश्चनांशी होता. एकच बायबल वाचणारी माणसं एकमेकांच्या प्रश्नोत्तरीला भीत होती. शेवटी दोन तोडगे निघाले. काउपर-टेम्पल नावाच्या खासदाराच्या नावानं ओळखलं जाणारं कलम सांगतं की बोर्डाच्या शाळेत कोणत्याही विशिष्ट पंथाची प्रश्नोत्तरी किंवा सूत्रं शिकवायची नाहीत. म्हणजे बायबल चालेल, पंथ नको. दुसरा तोडगा मला शिक्षक म्हणून फार चतुर वाटतो. धर्माचा तास आणि प्रार्थना शाळेच्या सत्राच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवायची, आणि ते वेळापत्रक सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लावायचं. ज्या पालकाला नको असेल त्यानं मूल जरा उशिरा पाठवावं किंवा लवकर न्यावं. याला सदसद्विवेकाची तरतूद म्हणतात.

म्हणजे १८७० च्या कायद्यात न येणारं मूल घरी असणार होतं, आपल्या माणसांत असणार होतं. शाळेतल्या खुर्चीवर ते अजून बसलेलं नव्हतं.

याच पार्लमेंटचा कारभार आपल्याकडेही होता आणि इथे त्यांनी उलट वाट धरली होती. चार्ल्स वुडच्या १८५४ च्या खलित्यात स्पष्ट म्हटलं होतं की हिंदुस्थानातल्या सरकारी शिक्षणसंस्थांमधलं शिक्षण धर्मापासून पूर्णपणे अलिप्त असावं. बायबल ग्रंथालयात असेल, कोणाला पाहायचं तर त्यानं पाहावं, इतकंच. लंडनमधल्या वर्गात बायबलवरून डोकी फुटत असताना पुण्या-मुंबईच्या सरकारी शाळेत ते कपाटात होतं. यामागे औदार्य किती आणि भीती किती, हा प्रश्न आहेच. १८५७ नंतर भीतीचं पारडं जड झालं असणार, असं माझं मत. पुढे हंटर आयोगानं सरकारी आणि खासगी महाविद्यालयांसाठी सर्व धर्मांना समान अशा तत्त्वांवर नीतीचं एक पाठ्यपुस्तक करावं अशी शिफारस केली, तेव्हा आयोगाचे सदस्य असलेले आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तिला विरोध नोंदवला. सगळ्यांना चालेल असा धर्म पुस्तकात बसवता येतो, हे त्यांना पटलेलं नव्हतं. इंग्रज शंभर वर्षं नेमकं तेच पुस्तक शोधत राहिले.

इंग्लंडमध्ये पुढचा भडका १९०२ साली उडाला. नव्या कायद्यानं चर्चच्या शाळांनाही स्थानिक करातून पैसा मिळू लागला. नॉनकन्फॉर्मिस्ट खवळले. ज्या चर्चमध्ये आम्ही पाऊल टाकत नाही, त्याची शिकवण आमच्या पैशानं का? डॉ. जॉन क्लिफर्ड या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या पुढारीपणाखाली लोकांनी कराचा तेवढा हिस्सा भरायचं नाकारलं. घरातलं सामान जप्त होऊन लिलावात गेलं, काहीजण तुरुंगात गेले. या चळवळीला नाव होतं ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’, निःशस्त्र प्रतिकार. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना, आपला सत्याग्रह आणि हा निःशस्त्र प्रतिकार यांत फरक काय हे समजावण्यासाठी क्लिफर्डच्या या शाळा-आंदोलनाचा दाखला दिला आहे. प्राथमिक शाळेतल्या प्रार्थनेचा वाद कुठे जाऊन पोचला पाहा!

मग दुसरं महायुद्ध आलं आणि त्यात सगळं बदललं. १९४४ साली आर. ए. बटलर यांनी जो शिक्षण कायदा केला, त्यात एक वाक्य आलं: सरकारी शाळेचा दिवस सर्व विद्यार्थ्यांच्या सामूहिक उपासनेनं सुरू होईल. धर्मशिक्षणही सक्तीचं झालं. गंमत अशी की इंग्लंडच्या इतिहासात शाळेतली प्रार्थना कायद्यानं सक्तीची झाली ती तेव्हा, बिशपांचं राज्य होतं त्या काळात नव्हे. त्याआधी ती रूढी होती. रूढी क्षीण झाली की कायदा लागतो, असं म्हणायचा मोह होतो, पण युद्धातल्या लोकांच्या मनात काय होतं ते इतक्या सोप्या वाक्यात मावणार नाही. हिटलरशी लढताना आपण कशासाठी लढतोय याचं उत्तर बहुतेकांना चर्चच्या भाषेतच देता येत होतं.

माघार घेण्याचा पालकांचा हक्क १९४४ नंतरही राहिला. पण १८७० मधली वेळापत्रकाची सोय गेली. मूल आता शाळेतच असणार, शाळाभर मुलं दालनात असणार, आणि ज्याची चिठ्ठी आहे त्याला कुठेतरी बसवावं लागणार. लेस्टरला पाहिलेली खुर्ची इथे आली.

पुढची चाळीस वर्षं लोक बदलत गेले. पंजाबातून, गुजरातेतून, पूर्व आफ्रिकेतून, सिल्हेटमधून, जमैकातून माणसं आली. बर्मिंगहॅम शहरानं १९७५ साली धर्मशिक्षणाचा जो स्थानिक अभ्यासक्रम केला, त्यात ख्रिस्ती धर्माबरोबर इतर धर्मांनाही जागा दिली. त्यावर बरंच वादळ झालं. इथे एक नाजूक फरक आहे. धर्मशिक्षण म्हणजे धर्मांविषयी शिकणं, हे हळूहळू बहुतेकांना मान्य झालं. दिवाळी का करतात, रोजे का धरतात, पासोव्हर म्हणजे काय, हे सगळ्या मुलांना कळलं तर बिघडत नाही. पण उपासनेचं काय? उपासनेविषयी शिकणं आणि उपासना करणं या दोन गोष्टी निराळ्या. डोळे मिटले की मूल शिकत नसतं, ते काहीतरी करत असतं.

१९८८ च्या कायद्यानं धर्मशिक्षणात देशातल्या इतर प्रमुख धर्मांची दखल घ्यायला सांगितलं आणि त्याच कायद्यात उपासनेबाबत लिहिलं की ती पूर्णतः किंवा मुख्यतः ‘ढोबळपणे ख्रिस्ती’ स्वरूपाची असावी. ‘ढोबळपणे ख्रिस्ती’ म्हणजे काय, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला नीट सांगता येत नाही. दिवसातल्या कोणत्याही वेळी उपासना घेण्याची मुभा मिळाली. जिथे बहुसंख्य मुलं इतर धर्मांची आहेत, त्या शाळेला स्थानिक सल्लागार मंडळाकडे अर्ज करून ख्रिस्ती स्वरूपाच्या अटीतून सूट घेता येते. उपासनेतून मात्र सूट नाही. शिक्षकांनी शिक्षकांसारखाच मार्ग काढला. मेणबत्ती लावायची, मैत्रीवर एखादी गोष्ट सांगायची, क्षणभर शांत बसायचं. २००४ साली शाळा तपासणी खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखांनीच सांगितलं की माध्यमिक शाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शाळा हा कायदा पाळत नाहीत. प्राथमिक शाळा मात्र बऱ्याच अंशी पाळत होत्या. लहान मुलं विचारत नाहीत ना! २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले आणि कोणताच धर्म नाही म्हणणारे ३७.२ टक्के. कलम मात्र जागेवर राहिलं.

ते अखेर न्यायालयात हललं, पण इंग्लंडमध्ये नाही. हललं उत्तर आयर्लंडमध्ये, जिथे धर्म हा विषय माणसं जिवानिशी शिकली आहेत. तिथली कथा थोडी वेगळी. १९२३ साली पहिले शिक्षणमंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी सर्व पंथांच्या मुलांनी एकत्र शिकावं म्हणून शाळेच्या सक्तीच्या वेळेत धर्मशिक्षण ठेवायचं नाही असा कायदा केला होता. प्रॉटेस्टंट चर्चनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, कॅथलिकांनी आपल्या शाळा वेगळ्याच ठेवल्या, आणि सात वर्षांत कायदा बदलून बायबलचा पाठ परत आला. १९४७ साली सामूहिक उपासनाही सक्तीची झाली. अगदी अलीकडे वापरात असलेला धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम २००७ चा. तो चार मोठ्या ख्रिस्ती चर्चनी मिळून तयार केला होता आणि त्यात प्राथमिक वर्गांसाठी फक्त ख्रिस्ती धर्म होता. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकत्र बसून पुस्तक करतात, ही त्या भूमीत लहान गोष्ट नव्हे. पण चौघांची तडजोड झाली म्हणजे पाचवा कोणी नाहीच, असं होत नाही.

बेलफास्टच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत एक मुलगी जात होती. आईवडील धर्म न मानणारे. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की मुलगी घरी खाण्याआधी देवाचे आभार मानणारी प्रार्थना म्हणते आहे. शाळेत शिकली होती. त्यांनी शाळेला पत्र लिहून विचारलं, तर शाळेनं सरळ कळवलं की आमचं धर्मशिक्षण बायबलवर आधारलेलं आहे. कायद्यानं त्यांच्यापुढे एक मार्ग होता, चिठ्ठी द्यायची आणि मुलीला बाहेर बसवायचं. पण त्यानं ती एकटी पडेल, मुलांच्या डोळ्यावर येईल, अशी त्यांना भीती होती. ते कोर्टात गेले.

२०२२ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निर्णय दिला. २०२४ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, शिक्षण पुरेसं वस्तुनिष्ठ नाही हे खरं, पण मुलीला काढून घेण्याचा पूर्ण हक्क पालकांना आहेच, मग तक्रार कशाची? वाचताना मलाही हे बिनतोड वाटलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं उलट निकाल दिला. त्यात न्यायालयानं स्पष्ट केलं की हा खटला शाळा निधर्मी करण्याचा नाही. इतिहास पाहता ख्रिस्ती धर्माला अभ्यासक्रमात मोठी जागा देण्यातही गैर नाही. पण तो वस्तुनिष्ठपणे, चिकित्सेनं आणि इतर विचारांना जागा ठेवून शिकवला पाहिजे. तसा शिकवत नसाल तर ‘हवं तर बाहेर जा’ हे उत्तर पुरत नाही, कारण त्या सवलतीचं ओझं पालकांवर पडतं आणि मूल वेगळं पडण्याचा, त्याच्यावर शिक्का बसण्याचा धोका असतो. वेल्सनं त्याआधीच निराळी वाट काढली होती. तिथल्या २०२१ च्या कायद्यानं धर्मशिक्षणाचा विषयच सर्वांसाठी नव्यानं मांडला आणि त्या तासातून मूल काढून घेण्याचा हक्क रद्द केला. तास असा असावा की कोणाला उठून जावं लागू नये, हा विचार. उपासनेची सक्ती मात्र वेल्सनंही तशीच ठेवली.

आता आपल्याकडे येतो, कारण हे सगळं वाचताना मला माझी शाळा आठवत होती.

आपल्या घटनेचं अठ्ठाविसावं कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये असं सांगतं. ७ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी त्याची कारणं मांडली. कराचा पैसा सगळ्यांचा, आणि इथे धर्म अनेक. एकेका शाळेत कोणाकोणाचं धर्मशिक्षण देणार? त्याच कलमाचा तिसरा भाग सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या उपासनेविषयी आहे, आणि तो इंग्लंडच्या कायद्याच्या बरोबर उलटा आहे. इंग्लंडमध्ये पालक नाही म्हणेपर्यंत मूल उपासनेत धरलेलं असतं. आपल्याकडे पालकानं हो म्हटल्याशिवाय मुलाला त्यात धरता येत नाही. कागदावर हा फरक फार मोठा आहे. तेहेतीस वर्षांत मी एकाही पालकाला विचारलं नाही. परिपाठ म्हणजे परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. त्यात विचारायचं काय?

१९७९ चा जून. चौथीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. एसटीच्या डेपोत कामाला होते. छप्पन्न साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिल्यावर त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतलेला. ते शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. पोरगं सरस्वतीची प्रार्थना म्हणणार नाही.’ मी तरुण होतो, स्वतःला पुरोगामी समजत होतो. मी लगेच म्हटलं, ‘काही हरकत नाही. तेवढा वेळ त्याला बाहेर पडवीत उभा करतो.’ माझ्या मते मी फार मोठं मन दाखवलं होतं. अठ्ठाविसाव्या कलमाचा मला पत्ता नव्हता, सदसद्विवेकाच्या तरतुदीचाही नव्हता. पण १९४४ च्या इंग्लंडनं जे केलं तेच मी कोणी न शिकवता केलं.

पावसाळाभर ते पोर पडवीत उभं राहिलं, मुलांनी काढून ठेवलेल्या चपलांशेजारी. प्रार्थना संपली की मी खूण करायचो, मग ते आत यायचं. एकदा एकाची चप्पल सापडेना, तर सगळी मुलं आधी त्याच्याकडे पाहू लागली. मी ओरडलो मुलांना. पण त्याला पडवीतून आत घ्यावं असं काही मला सुचलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर वडील पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत. म्हणाले, ‘गुरुजी, माझा बाप याच शाळेत शिकला. ह्याच पडवीत बसून. आत घेत नव्हते.’ मी काहीतरी पुटपुटलो, पावसात भिजू नये म्हणून पडवीत उभा केला होता, असलं काही. ते पुढे म्हणाले, ‘उद्यापासनं त्याला ओळीत उभा करा. हात जोडणार नाही तो, तोंडातनं शब्द काढणार नाही. पण ओळीत उभा राहील.’

दुसऱ्या दिवशी तो तिसऱ्या ओळीत, आपल्या जागेवर उभा राहिला. हात बाजूला सरळ, डोळे उघडे. सगळ्या शाळेनं डोळे मिटलेले असल्यामुळे ते दिसत होते फक्त मला.